परवानगीबुवा

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर गाड्यांच्या वेळांचा फलक लावलेला असतो. त्यावरच्या वेळा वहीत उतरवून घेण्यासाठी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन रीतसर परवानगी मागणारा इसम मी माझ्या आयुष्यात एकच पाहिला. नियंत्रक हसला. म्हणाला, "काकाजी, हे तर लोकाईसाठीच लावलं हाय न." त्यावर काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे सांगितले, "लावलं वाचाले हाय. उतरवाले हाय काय, ते इचारून राहिलो." नियंत्रकाने होकार दिल्यावरच त्यांनी खिशातली वही काढली, साकोलीकडच्या गाड्या लिहून घेतल्या आणि खाली बारीक अक्षरात 'बसस्थानकाच्या परवानगीने' अशी नोंद केली. मी सोबत होतो. मला त्या वेळी थोडी लाजच वाटली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

त्यांना सारे गाव परवानगीबुवा म्हणत असे. तोंडावर काकाजी आणि पाठीमागे परवानगीबुवा. चहाच्या टपरीवर शेजाऱ्याच्या हातातले वर्तमानपत्र मोकळे झाले तरी "घेऊ काय?" असे विचारल्याशिवाय ते हात लावत नसत. टपरीवाला मुद्दाम ओरडायचा, "काकाजी, चहा घेतला, पन कपाले इचारलं काय?" लोक हसत. काकाजीही हसत आणि म्हणत, "कपाचा मालक तू होय. तुलेच इचारलं."

माझी त्यांची गाठ पडली ती वंशावळींमुळे. मी अर्जनवीस. तहसील कार्यालयाच्या आवारात माझे टेबल गेली अनेक वर्षे आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतही नीट पोहोचले नाही, परंतु वारसनोंदीचा अर्ज, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र व हरकतीचा जबाब या तीन बाबतींत शिकलेसवरलेले वकीलही माझा मसुदा वाचून मान डोलावतात. काकाजी हातमाग सोसायटीचे चिटणीस म्हणून निवृत्त झालेले. घर विणकरांचे, वडील कोशाच्या रेशमी साड्या विणत. निवृत्तीनंतर त्यांनी एका संकेतस्थळाचे काम पत्करले होते. विदर्भातल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी गोळा करून त्यावर मांडायच्या, प्रत्येक जिल्ह्याला एक समन्वयक, काम सारे स्वयंसेवेचे. मुख्य समन्वयक बाई नागपूरला बसत. भंडारा जिल्ह्याचे पान काकाजींकडे होते. त्यांना टंकलेखन येत नव्हते, मला येत होते. म्हणून एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "अर्जनवीस, तुमाले इचारतो. नाही म्हटलं तरी चालन." मी होय म्हटले. पुढे मला सहायक समन्वयक असे पद मिळाले. त्याचे कार्ड मी स्वतः छापून घेतले.

संकेतस्थळाची नियमावली काकाजींना पाठ होती. हयात व्यक्तीचे नाव दाखवायचे नाही, तेथे नुसते 'हयात' लिहायचे. माहिती देणाऱ्याचे नाव पानाखाली द्यायचे. दुसऱ्याने लिहिलेले त्याच्या होकाराशिवाय उचलायचे नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी जबाबदार समन्वयकाचे नाव आणि पत्ता असलाच पाहिजे. हे नियम नागपूरच्या बाईंनी केले होते, पण मला नेहमी वाटे की ते मुळात काकाजींच्या घरच्या मागावर विणले गेले असावेत. कारण ते सांगत, "आमच्या बापाच्या काळी दुसऱ्याचा काठ आवडला तर त्याच्या घरी जाऊन सांगा लागे, बावा, तुहा काठ मी उचलून राहिलो. तो 'उचल' म्हने. मगच धोटा हातात घ्याचा. न सांगता उचलला त चार घरं बोलत नोहोती."

त्यांच्या या स्वभावाचा त्रास मला फार झाला. कारध्याच्या एका जुन्या घराण्याचा सामूहिक फोटो आम्हाला पानावर लावायचा होता. घराण्याने फोटो दिला, होकार दिला. काकाजी म्हणाले, "फोटो ज्याईचा हाय त्याईचा होकार भेटला. ज्यानं काढला त्याचा कोठी हाय?" काढणारा छायाचित्रकार केव्हाच वारला होता. त्याचा मुलगा कारध्यालाच राहत असे. काकाजी सायकलवर वैनगंगेचा पूल ओलांडून तीनदा गेले, तिन्ही वेळा तो घरी नव्हता. चौथ्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, "बाप त मेला काकाजी, घ्या न लागन तेवढे." काकाजींनी त्याला खाली बसवून समजावले, "बाप मेला म्हनून हक्क मेला नाही. तो आता तुहा हाय. तू दे म्हन, मग घेतो." त्याने दिला. त्याच्या बापाचे नाव फोटोखाली आले. ते पाहायला तो आपल्या आईला घेऊन आला होता आणि ती माउली पडद्यावर बोट ठेवून नुसती उभी राहिली, एवढे मला आठवते.

जिल्ह्याचे विभाजन होऊन काही वर्षे लोटली होती. गोंदिया वेगळा झाला आणि नागपूरच्या बाईंचे पत्र आले की, तिकडच्या घराण्यांची पाने गोंदियाच्या नव्या समन्वयकाकडे वर्ग करावीत. मी म्हटले, एका दुपारचे काम आहे. काकाजी म्हणाले, "पानं काय आपल्या बापाची हायेत? ज्याईनं देल्ली त्याईले इचारा लागते." आणि त्यांनी तिकडच्या एकेका घराण्याला पोस्टकार्ड लिहायला घेतले : 'आपली वंशावळ गोंदियाच्या पानावर हलवावी काय, कृपया कळवावे.' उत्तरे येत राहिली. एकाने लिहिले, 'आम्ही हललो नाही, जिल्हा हलला.' तिरोड्याकडच्या एका म्हाताऱ्याने लिहिले, 'सरकारने आम्हाला विचारले नाही, तुम्ही विचारले. सबब खुशाल हलवा.' हे कार्ड काकाजींनी जपून ठेवले होते. एरवी स्वतःची स्तुती त्यांना रुचत नसे, पण हे कार्ड त्यांनी मला दोनदा दाखवले.

तथापि सर्वच लोक काकाजींसारखे नसतात. काही महिन्यांनी दुसरे एक संकेतस्थळ निघाले आणि त्यावर आमच्या जिल्ह्यातली घराणी एकामागून एक दिसू लागली. मांडणी थोडी बदललेली, माहिती देणाऱ्यांची नावे उडवलेली. त्यातील अक्षर न् अक्षर मी माझ्या बोटांनी टंकलेले होते. मी नागपूरच्या बाईंना फोन करून नोटीस देण्याची मागणी केली. त्या म्हणाल्या, "जन्म-मृत्यूची माहिती कोणाच्याही मालकीची नसते. त्यांनीही स्वतंत्रपणे गोळा केली, असं म्हणतील. उतरवली, याचा पुरावा द्या."

पुरावा हा शब्द ऐकला की आम्हा अर्जनवीस लोकांचे डोके चालू लागते. नकाशे काढणारे लोक नकाशात एखादे खोटे गाव टाकतात, म्हणजे कोणी नक्कल केली तर ते गाव त्याच्याही नकाशात सापडते, असे मी कोठेतरी ऐकले होते. मी काकाजींना सुचवले की, एखाद्या वंशावळीत आपण एक नाव घालू. चोर पकडला जाईल. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "नकाशात खोटं गाव टाकलं त तिथं कोनी राहाले जात नाही. वंशात खोटा मानूस टाकला त त्याले बाप द्या लागते. कोनाचा बाप देता? तुमचा?"

मी तो विषय सोडून दिला. पण मनातून ते पटले नव्हते. पानाचा परवलीचा शब्द त्यांनी बंद लिफाफ्यात घालून माझ्या स्वाधीन केला होता, कारण टंकायला मीच होतो. मी साकोली तालुक्यातील एकोडीच्या एका घराण्याची वंशावळ निवडली. त्यात तानबा नावाचे एक गृहस्थ होते, मयत. त्यांच्याखाली एकच रकाना होता आणि त्यात नियमाप्रमाणे 'हयात' एवढेच लिहिलेले होते. मी त्या रकान्याच्या आधी एक नाव घातले : दौलत तानबा, मयत. मेलेल्यांच्या एवढ्या मोठ्या यादीत एक मेलेला वाढला तर कोणाचे काय बिघडते, असा माझा समज होता. 'हयात' या शब्दामागे एक जिवंत माणूस आपल्या शेतात धान लावीत आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. ते नियमाने झाकलेले होते.

तीन आठवड्यांत दौलत त्या दुसऱ्या संकेतस्थळावर प्रकट झाला. मी त्या पानाची प्रत छापून घेतली. काकाजींना न सांगता ती परस्पर नागपूरला पाठवली आणि बाईंनी मला शाबासकी दिली. नोटिशीचे काम सुरू होईपर्यंत नाव तसेच राहू द्यावे, असे आमचे दोघांचे ठरले. नोटीस आज निघेल, उद्या निघेल, असे करता करता वर्ष गेले.

पुढच्या वर्षी धान कापणीच्या सुमारास एक बाई तहसीलच्या आवारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. माझ्या टेबलाशी काकाजी बसलेले होते. ती मला म्हणाली, "भंडारा जिल्हा समन्वयक कोन होय? पत्ता इथलाच लिवला हाय." काकाजी उभे राहिले. "मी होय. बसता काय बाई?" ती बसली नाही.

ती एकोडीची यशोदाबाई. नवरा पावसाळ्यात वारला होता. जमीन अजून सासऱ्याच्या, म्हणजे तानबाच्या नावाने होती. तिला सासूचे, स्वतःचे आणि दोन मुलींचे नाव सातबारावर चढवायचे होते, कारण सातबारावर नाव नाही तर सरकारी खरेदी केंद्रावर तिचे धान कोणी घेणार नव्हते. वारसनोंदीसाठी वंशावळ हवी, म्हणून तिच्या भाच्याने साकोलीहून आमचे पान छापून आणले होते. तिच्या नवऱ्यानेच मोठ्या हौसेने ती माहिती आम्हाला दिली होती. तलाठ्याने ती वाचली आणि फेरफार अडवला.

"तलाठी म्हनते, तुह्या नवऱ्याले भाऊ होता. दौलत. त्याचे वारस आन," यशोदाबाई सांगत होती. "मी म्हटलं, माह्या सासऱ्याले एकच लेक. थो म्हनते, कागदावर दोन हायेत. दौलतले आन, नाही त त्याच्या मौतीचा दाखला आन. जो जलमलाच नाही त्याच्या मौतीचा दाखला मी कोठून आनू काकाजी? सासू हात जोडून सांगते का म्या एकच बाळंतपन केलं, त लोक तिच्याकडंच पाहाले लागले. सासऱ्याले दुसरी बायको होती काय, म्हून इचारून रायले."

काकाजींनी "पाहू काय?" असे विचारून कागद हातात घेतला. मग त्यांनी आपली वही उघडली. त्यात प्रत्येक नावापुढे ते नाव कोणी दिले, कोणत्या दिवशी दिले, याची नोंद असे. एकोडीच्या पानावर दौलत नव्हता. त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे एकदाच पाहिले. फार वेळ नाही. आवारात नेहमीची वर्दळ होती, माझ्या टेबलाशी दोन पक्षकार उभे होते. मला बोलता आले असते. मी समोरच्या कागदावर शिक्का मारला.

काकाजी यशोदाबाईंना म्हणाले, "हे पान माह्या नावाचं हाय. यातली चूक माही हाय. मी येतो तुमच्यासंगं साकोलीले."

त्या दिवशी मी त्यांना बसस्थानकापर्यंत सोडायला गेलो. यशोदाबाई पुढे चालत होती. काकाजींनी हळू आवाजात विचारले, "काहून केलं?"

"पुराव्यासाठी."

"भेटला?"

"भेटला, काकाजी. त्यांनी जसाच्या तसा उचलला."

"मंग आता थो पुरावा साकोलीले घेऊन चाललो," ते म्हणाले. "बाई पुढं हाय, आवाज नका करू."

तलाठ्याने लेखी मागितले. तेव्हा काकाजी पुन्हा माझ्याच टेबलाशी आले. मी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. माझ्या लेखणीला सवय आहे, ती आपोआप चालते : 'सदर संकेतस्थळावर दौलत तानबा हे नाव अनवधानाने समाविष्ट झाले असून अशी कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नव्हती व नाही.' काकाजींनी मसुदा वाचला आणि 'अनवधानाने' या शब्दावर रेघ ओढली. "हे खोटं होते. अनवधानानं नाही, मुद्दाम टाकलं." मी म्हणालो, मग मी लिहून देतो, माझ्या नावाने. ते म्हणाले, "पानाखाली तुमचं नाव नाही. माहं हाय. तलाठ्याले दोन नावं दाखवली त थो तिसरं मागते, मंग चौथं मागते. बाईचं काम आनखी लांबते. तुमचं तुमी मंग पाहा." मी नवा मुद्रांक घातला. 'मुद्दाम' हा शब्द टंकला. त्यांनी सही केली.

काम एका प्रतिज्ञापत्राने झाले नाही. तलाठ्याने पंचांचे जबाब मागितले, पोलीस पाटलाचा दाखला मागितला. काकाजी कितीदा तरी एकोडीला गेले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे बसून त्यांनी सांगितले की, हा दौलत माझ्या पानावर जन्मला, तानबाच्या घरात नाही, या माउलीवर संशय घेऊ नका. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर करीपर्यंत हंगाम निघून गेला. त्या वर्षी यशोदाबाईंनी आपले धान केंद्राऐवजी खाजगी व्यापाऱ्याला पडत्या भावाने दिले.

नागपूरच्या बाई मात्र खूश होत्या. त्यांचे म्हणणे, तुमच्या प्रतिज्ञापत्राने तर पुरावा आणखी पक्का झाला, नाव आमचेच होते हे आता मुद्रांकावर आहे, नोटीस देऊ. काकाजींनी फोनवर एवढेच सांगितले, "बाई, त्या नावानं एका घराची बदनामी झाली. त्याच नावानं मले भांडाचं नाही. मले यातून मोकळं करा." त्यांनी परवलीच्या शब्दाचा लिफाफा माझ्याकडून मागून घेतला, नवा बंद केला आणि नागपूरला पाठवून दिला.

तरी जाण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. जिल्ह्यातल्या प्रत्येक घराण्याला पुन्हा एक पोस्टकार्ड लिहिले. 'माझ्या पानावर एका वंशात खोटे नाव घातले गेले होते. आपले पान तपासून घ्यावे. ठेवावे की काढावे, ते कळवावे.' ही कार्डे मी टंकून देतो म्हटले, तर ते म्हणाले, "नको." हाताने लिहिली. बहुतेकांनी काढा म्हणून कळवले. शहापूरच्या एका गृहस्थांनी, ज्यांच्या घरी आम्ही चार वेळा जेवलो होतो, दोनच शब्द लिहिले : 'काढा. लाज.' एकेक पान निघत गेले आणि जिल्ह्याचे ते पान अखेरीस नुसत्या मथळ्यावर येऊन थांबले. दुसऱ्या संकेतस्थळाला त्यांनी नाव काढण्याविषयी तीन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. नाव काढले असते तर नक्कल कबूल केल्यासारखे झाले असते. दौलत अजून तेथे आहे.

आणि टपरीवर लोकांना नवा विनोद मिळाला. "परवानगीबुवानं परवानगी न घेता मानूस जलमाले घातला." काकाजी समोर असले तरी कोणी ना कोणी ते म्हणे. पूर्वी ते हसून उलट उत्तर देत. आता नुसता चहा पीत. मी त्याच बाकावर बसलेलो असे. एकदा टपरीवाल्याने मलाच विचारले, "अर्जनवीस साहेब, तुमी त संगं काम करत होते, काकाजीनं असं काहून केलं?" मी म्हणालो, "प्रकरण गुंतागुंतीचे आहे." काकाजींनी माझ्या चहाचे पैसे देऊ का, असे मला विचारले. आयुष्यात प्रथमच मी त्यांना नाही म्हणालो आणि आवाज चढला. त्यांनी मान हलवली, आपला कप ठेवला आणि निघाले.

ते माझ्या टेबलाशी येत राहिले, पण कमी. वही आणत नसत. मी मसुदा करीत असताना समोर बसत आणि कधी कधी म्हणत, "हे ज्याचं लिवता त्याले एकदा वाचून दाखवत जा. बापाचं नाव तरी." मी ती सवय लावून घेतली आहे. सही घेण्याआधी पक्षकाराला प्रत्येक नाव मोठ्याने वाचून दाखवतो आणि हे नाव तुम्ही दिले काय, असे विचारतो. काही पक्षकारांना ते आवडत नाही. गर्दी असते, उन्हात उभे राहावे लागते. शेजारचा अर्जनवीस माझ्या निम्म्या वेळात दुप्पट अर्ज करतो.

काकाजी दिवाळीनंतर वारले. आजार फार नव्हता. मी घाटावर गेलो होतो. तेथेही दोन माणसे मागे कुजबुजत होती की, एकोडीचे प्रकरण यांचेच ना. मी ऐकले आणि पुढे सरकलो. हे सर्व मी येथे लिहीत आहे ते माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे. एरवी मी हे वाक्य दिवसातून वीस वेळा लिहितो.

तेराव्यानंतर मी साकोलीची गाडी धरली, तेथून एकोडीला गेलो. यशोदाबाईंचे घर विचारून काढले. ती अंगणात सूप घेऊन बसली होती, धाकटी मुलगी आत काहीतरी करीत होती. तिने मला ओळखले नाही. मी माझे नाव व व्यवसाय सांगितला. मग सांगितले की, दौलत हे नाव काकाजींनी नाही, मी टाकले होते. उभ्यानेच सांगितले.

तिने सूप खाली ठेवले. मग आत मुलीकडे पाहून म्हणाली, "माय, चहा मांड वो." आणि मला म्हणाली, "काकाजी सांगून गेले होते. म्हनत, ज्यानं केलं थो येईन एक दिवस सांगाले. आला त त्याले शिव्या देजो, पन चहा पाजल्याबिगर जाऊ देजो नको. नाव नाही सांगतलं त्याईनं. मी लय इचारलं." तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तुमी लय उशीर केला जी."

शिव्या तिने दिल्या नाहीत. चहा झाल्यावर ती आतून सातबारा घेऊन आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. म्हणाली, तलाठ्याने वाचून दाखवला होता, पण तुम्हीही एकदा वाचा. मी वाचला. सासूचे नाव, तिचे नाव, दोन्ही मुलींची नावे. "आनखी कोनी?" तिने विचारले. मी पुन्हा वाचला. आणखी कोणी नव्हते.

फाटकापर्यंत ती सोडायला आली. "काकाजीले सांगजा," ती म्हणाली, "आला होता थो मानूस म्हून. त्याईले बरं वाटन."

तिला कोणी कळवले नव्हते. मी चप्पल घातली होती, ती काढली आणि परत अंगणात जाऊन बसलो.